गुरुवारची खुर्ची

…स्क्रूचं डोकं नेमकं करंगळीखाली येत होतं. खुर्चीच्या उजव्या हाताला, आतल्या बाजूने, जिथे लाकूड जरासं वळतं तिथे – पितळी, गोल, मधोमध एक खाच, आणि खाच नखाचं टोक बसेल एवढीच. बाकीचे स्क्रू लोखंडी होते, काळे पडलेले, मुकाट लाकडात गेलेले. हा एकटाच जरा वर राहिलेला, कुणीतरी घाईत, हाताला लागला तो पिळून टाकलेला. हे तिने कधी वाकून पाहिलं नव्हतं. करंगळीला ठाऊक होतं. दर गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती ह्या खुर्चीत बसायची, पाच मिनिटांच्या आत करंगळी आपली आपण तिथे जाऊन पोचायची, आणि मग तीन जिने चढल्याची धाप, सकाळचं ऑफिस, घरी चालू असलेली रेडिओची खरखर – सगळं हळूहळू तळाला जायचं.

बरं वाटायचं. पंचाईत होती ती हीच.

कारण चौदा महिन्यांपूर्वी ह्या घरातला मुलगा – आबांचा मुलगा, सुनेचा नवरा, खारूचा बाबा – एका गोदामाच्या आगीत, पडत्या छपराखाली गेला होता. आणि त्याच्या घरात येऊन एका परक्या बाईला इतकं बरं वाटावं, आठवडाभर ह्या एका दुपारची वाट बघावी, बुधवारी रात्रीच साडी काढून ठेवावी, हे काही बरं लक्षण नव्हे. ती कुटुंब-सोबत विभागात होती. अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका, तिघांचा मिळून एकच विभाग, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. काम सांगायला सोपं. कामावर असताना ज्यांना मरण आलं त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जायचं आणि बसायचं. कागद असतील तर भरून द्यायचे, कुठल्या खिडकीसमोर उभं राहायचं असेल तर सोबत उभं राहायचं, आणि काहीच नसेल तर नुसतं बसायचं. विभागातल्या बाकीच्या चौघींपैकी तिघींचे नवरे गेलेले आणि चौथीचा भाऊ. हिचं कुणीच गेलेलं नव्हतं. नवरा धडधाकट, सकाळ-संध्याकाळ जुने रेडिओ उघडून बसलेला… लोक मात्र धरूनच चालायचे की हिचंही काहीतरी असणार, आवाज खाली आणून म्हणायचे, ‘तुम्हालाच कळेल हो हे,’ आणि ती मान हलवायची. मी काय सांगणार होते? की नाही हो, आमचे हे घरी आहेत आणि आत्ता सोल्डरिंगचा वास सगळ्या उशांना लागलेला आहे?

त्याआधी सव्वीस वर्षं ती दलाच्या गणवेश भांडारात होती. म्हणून आबा तिला भांडारबाई म्हणायचे.

“भांडारबाई, आज जिन्यात थांबलात दोनदा. मी मोजलं. दुसऱ्या मजल्यावर एकदा आणि मग आमच्या दाराबाहेर एकदा, धाप लागली नाही असं दाखवायला.”

“तुम्हाला ऐकू कसं आलं? एका कानाने तर तुम्ही…”

“डावा शाबूत आहे. उजवा इंजिनाने खाल्ला.”

आबांनी चाळीस वर्षं बस चालवली होती, आणि चाळीस वर्षं त्यांच्या डोक्यावर ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी होती; तिचं उट्टं ते आता काढत होते. खिडकीजवळच्या स्टुलावर बसून समोरच्या सायकलच्या दुकानातलं सगळं ते तिला सांगायचे – कुणाची चेन तुटली, कोण दुकानदाराशी भांडला, कुठल्या मुलीला आज पहिल्यांदा मोठी सायकल मिळाली – आणि मुलाबद्दलही, तसंच, मधेच, काही वेगळं न सांगितल्यासारखं. आज ते जरा चुळबुळत होते. दोनदा दाराकडे बघून झालं. आज चुळबुळण्याची पाळी खरं तर तिची होती, कारण पायाशी ठेवलेल्या बॅगेत फॉर्म होता.

फॉर्म एका पानाचा. वर्ष पूर्ण झालं की भरायचा. ‘कुटुंबास नियमित भेटींची गरज आहे काय? होय / नाही. कारण.’ गेल्या महिन्यात तिने ‘होय’ केलं होतं आणि कारणापुढे लिहिलं होतं, ‘मुलगी झोपेत दचकते.’ दचकली होती ती, एकदा, कधीतरी थंडीत, कपाटावरून पेटी पडली तेव्हा. तेवढ्यावर एक महिना मिळाला. सव्वीस वर्षांत भांडारातल्या मोज्यांची एक जोडी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि सत्तावन्नाव्या वर्षी मी एका आठ वर्षांच्या मुलीच्या नावावर खोटं लिहिलं.

आणि आता परत तोच फॉर्म. सकाळी विभागाच्या मॅडमनी तो टेबलावर सरकवला आणि त्याच्यावर दुसरी एक फाइल ठेवली. वाहतूक पोलिसातली बाई, चौकात उभी असताना गाडीखाली आलेली, तीन आठवडे झालेले. मागे नवरा आणि दोन लहान मुलं. “त्या घरी अजून कुणाला देता आलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मीच दोनदा जाऊन आले. तो माणूस दार उघडतो आणि दारातच उभा राहतो. तुमचा गुरुवार सुटला तर तुम्हाला देते. सुटत नसेल तर तसं लिहा… मी काही विचारणार नाही.” मी काही विचारणार नाही! ह्यापेक्षा विचारलेलं परवडलं असतं. म्हणजे एकीकडे दारात उभा असलेला तो माणूस, आणि दुसरीकडे ही खुर्ची, हा स्क्रू, आबांची बडबड, साडेतीनला शाळेतून धावत येणारी खारू… आणि मध्ये एक खूण करायची चौकट. ह्या लोकांना आता आपली गरज नाही हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिने ते स्वतःशीसुद्धा शब्दांत मांडलं नव्हतं.

त्यात सकाळी विभागात दोन नवे लोक शिकायला बसलेले. एक निवृत्त नर्स आणि एक रुग्णवाहिकेचा जुना ड्रायव्हर. त्यांना पहिला धडा नेहमी तीच द्यायची, कारण तो तिचाच होता, तिनेच बसवलेला. “पहिल्या दिवशी आत गेलात की बसू नका. उभ्यानेच विचारा, त्यांची खुर्ची कुठली. प्रत्येक घरात एक खुर्ची असते. आपण नेमके तीत बसतो आणि घरचे काही बोलत नाहीत, पण ते दुखणं वर्षभर पुरतं.” ड्रायव्हरने वहीत लिहून घेतलं. नर्सने विचारलं, “तुमचं कधी चुकलं?” आणि ती म्हणाली – किती सहज म्हणाली – “नाही. मी विचारते ना.”

इथेही विचारलं होतं. ह्याच दारात, बॅग पोटाशी धरून. आबांनी बोट दाखवलं होतं ते त्या वेताच्या खुर्चीकडे. ती बघा – खिडकीशेजारी, कोपऱ्यात. पाठीचे दोन वेत निसटलेले, बैठकीला भोक पडत चाललेलं. तेरा महिन्यांत त्या खुर्चीवर तिने पदर लागू दिला नव्हता. खारू दप्तर टाकायची तर ती हळूच उचलून खाली ठेवायची, रागावून नव्हे, नुसतं उचलून. दुपारचं ऊन सरकत तिथे पोचायचं तेव्हा पडदा ओढायची, वेत तडकू नये म्हणून. एकदा शेजारच्या बाई गप्पांच्या नादात तीत बसायला गेल्या तर ती अशी काही झेपावली, ‘इकडे बसा ना, इकडे वारा आहे,’ की त्या बाई दचकून उभ्याच राहिल्या. घरच्यांनी तेव्हा एकमेकांकडे पाहिलं. तिला वाटलं, भरून आलं असेल.

साडेतीनला खारू आली. कागदाचे कपटे, खडू, पेन्सिलीची टोकं ही मुलगी घरभर कुठेकुठे दडवून ठेवते म्हणून खारू. शाळेतलं नाव कुणी घेत नाही. आल्या आल्या तिने दप्तर वेताच्या खुर्चीवर फेकलं, आईची चाहूल लागल्यासारखी दाराकडे गेली, परत आली, आणि आबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. डाव्या कानाशी. आबा म्हणाले, “येईल, येईल.”

“आज लवकर येणार आहे का ती?” तिने विचारलं. सून चष्म्याच्या दुकानात अर्धवेळ कामाला होती, चारच्या आत कधी यायची नाही.

“येईल की,” आबा म्हणाले, आणि आजच्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचं वाक्य तिथेच संपलं.

ती दप्तर उचलायला उठणारच होती तेवढ्यात किल्ली फिरली. सून आत आली, खांद्याला पर्स, कपाळावर घाम, आणि तिच्यामागून एक धिप्पाड माणूस, खांद्यावर दोरीचं वेटोळं, दारातूनच खोलीभर नजर टाकणारा… भंगारवाला.

“ही,” सून म्हणाली, आणि तिचं बोट वेताच्या खुर्चीकडे होतं.

माणसाने दप्तर उचलून खारूच्या हातात दिलं आणि एका हाताने खुर्ची उचलली. एका हाताने! जणू तिच्यात काही नव्हतंच.

“थांबा!” हा आपलाच आवाज आहे हे तिला जरा उशिरा कळलं. ती उभी होती. माणसाच्या आणि दाराच्या मधे उभी होती. “ही नाही जायची. ठेवा खाली… अगं, असं काय करतेस? वर्ष म्हणजे काही फार नाही. आज टाकशील, आणि मग एखाद्या दिवशी सकाळी उठून हीच शोधशील. मी बघितलंय. आबांना विचारलंस? ह्या पोरीला विचारलंस? निदान मला तरी…”

मला तरी! कुठल्या नात्याने? दुसरा धडा तिला पाठ होता, तोही तीच शिकवायची. वस्तूंचं काय करायचं ते घरचे ठरवतात. आपण हूं की चूं करायचं नाही. आणि आता हे शब्द, एकामागून एक, थांबवता येत नव्हते, सुनेचा चेहरा लाल होत चाललेला, भंगारवाला खुर्ची तशीच हवेत धरून, आणि आबा… आबा खिडकीबाहेर बघत होते. सायकलच्या दुकानात काय चाललंय ते सांगत नव्हते.

“पण मावशी,” खारू म्हणाली, “ती बाबाची नाहीये.”

“खारू!”

“नाहीचये ना पण. ती वरच्या काकूंनी घर बदललं तेव्हा जिन्यात टाकलेली. बाबा म्हणायचा, हिच्यात ढेकूण आहेत, आणू नका. आबांनी आणली.” मग तिने दप्तर पोटाशी धरून मोकळ्या हाताने मागे दाखवलं, जिथून मावशी नुकतीच उठली होती तिकडे. “बाबाची ही.”

गादीत तिच्या बसण्याचा खळगा अजून तसाच होता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं असं म्हणतात – आणि ह्या घरात तर ते मनात म्हणायचीही सोय नव्हती. कुठेतरी बसायला हवं होतं आणि सर्वांत जवळची जागा नेमकी तीच होती, म्हणून ती उभीच राहिली. तेरा महिने. छप्पन्न गुरुवार. दर वेळी ती सरळ आत यायची, बॅग पायाशी ठेवायची आणि सुस्कारा टाकून त्याच्या खुर्चीत बसायची, आणि वर समोरच्या भंगाराला ऊन लागू नये म्हणून पडदा ओढायची. सगळ्यांच्या देखत. करंगळी… तो स्क्रू. तो त्यानेच लावला असणार. खुर्चीचा हात निखळला असेल, कामावर जायची घाई असेल, हाताला लागला तो.

“बाई, नेऊ का नको?” भंगारवाला म्हणाला. “गाडी आडवी लावलीय खाली.”

“न्या,” सून म्हणाली. तो जिना उतरताना वेत भिंतीला घासत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग आबा म्हणाले, “चूक माझी आहे. खोटं मी बोललो.”

आणि ते नेहमीसारखे सुटले, पण नेहमीपेक्षा हळू. “तुम्ही आलात, दारात उभ्या. विचारलंत, त्याची खुर्ची कुठली. ती तर समोरच होती. तीन आठवडे रिकामी. मी तिच्याकडे पाठ करून जेवायचो, खरं सांगतो, भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, हिला खरं सांगितलं की ही पण बसायची नाही, आणि मग ती खुर्ची मरेपर्यंत माझ्याकडे बघत राहणार. आमच्यातलं कुणी बसू शकत नव्हतं. मला वाटलं, ऑफिसचं माणूस आहे, बसेल बिचारं. म्हणून दाखवलं ते डबडं. आणि तुमच्याकडे बघून एवढं कळत होतं की ही बाई एकदा बसली की बसली!”

“आबा,” सून म्हणाली. पण ओठाच्या कडेला हसू होतं. मग तिच्याकडे वळून म्हणाली, “मी दोन दिवस बोलले नव्हते ह्यांच्याशी. आणि ताई, तुम्हाला आता सांगायला हरकत नाही… पहिले दोन गुरुवार तुम्ही इथे बसलात ना, तेव्हा मी रजेवर होते, आत बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते. तुम्हाला वाटलं असेल, कपडे धुतेय.”

वाटलं होतंच. अहवालात तिने लिहिलं होतं, ‘घरकामात मन गुंतवते.’ ते अक्षर तिला आत्ता स्पष्ट दिसलं, गोल, नेटकं, भांडारातलं.

“आणि तिसऱ्या गुरुवारी तुम्ही झोपलात.”

“तुम्हाला… माहीत होतं?”

“घोरत होतात,” आबा म्हणाले.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, मॅडमना नाही, घरी ह्यांनाही नाही. आदल्या रात्री ह्यांना ताप होता, डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि दुपारी ह्या खुर्चीत पाठ टेकली एवढंच आठवत होतं. जाग आली तेव्हा पायांवर एक छोटी चादर होती, सशांची. तिला वाटलं होतं, पोरगी खेळता खेळता टाकून गेली असेल. तिने ती घाईघाईने घडी घालून ठेवली आणि नोकरी जाईल म्हणून आठवडाभर घाबरली होती.

“मी बाहेर आले ते तुम्हाला उठवायला,” सून म्हणाली. “उठवायला कसली, ओढून काढायला. एवढा राग आला होता. आणि बघते तर मान डावीकडे पडलेली, तोंड उघडं. तो रात्रपाळी करून आला की असाच… अगदी असाच. मी उभीच राहिले. रागावायचं होतं तेही विसरले. कुणीतरी तिथे झोपू शकतं, एवढंच दिसत होतं मला. मग चादर आणली. त्या रात्री मी सहा तास झोपले, ताई. सव्वा महिन्यानंतर.”

बोलता बोलता ती बुटांचे बंद सोडायला वाकली होती, आणि वाकताना, दुकानात तासन्‌तास उभं राहिलेल्या माणसासारखी, मागे न बघता टेकली होती – त्याच्या खुर्चीत. एक बूट हातात, दुसरा पायात. आबांनी ते पाहिलं. मग ते मोठ्या आवाजात खारूला सांगायला लागले की सायकलवाल्याने आज दुकान लवकर बंद केलं, त्याची बायको माहेरी गेली असणार.

आता सांगायला हवं होतं. तिने बॅग उचलली, पण उघडली नाही. “मला पण एक… आपल्या भेटींचा तो जो फॉर्म असतो…”

“आम्हालाही येतो तो,” सून म्हणाली. “एक तुम्हाला, एक आम्हाला. गेल्या महिन्यात आला होता. मी ‘होय’ केलं.”

“कारण काय लिहिलंस?” हे विचारायला नको होतं, पण फॉर्म म्हटला की कारण, सव्वीस वर्षांची सवय.

सुनेने आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे.

“लिहिलं, सासरे कुणाशी बोलत नाहीत.”

आधी खारू हसली, मग सून, आणि मग तिलाच असं काही हसू फुटलं की बॅग हातातून सुटली. चालकाशी बोलू नये! मॅडमनी हे वाचून मान डोलावली असेल, गंभीर चेहऱ्याने शिक्का मारला असेल. “आणि तुम्ही?” सून डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही काय लिहिलंत?”

“…खारू झोपेत दचकते.”

“मी?” खारू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मला उठवायला आई तोंडावर पाणी मारते!”

“पण का लिहिलंस गं तू तसं?” हसू ओसरल्यावर तिने सुनेला विचारलं.

“तुम्हाला इथे बरं वाटतं ना,” सून म्हणाली. अगदी साध्या आवाजात, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. “दिसतं ते. तुम्हीच सांगितलं होतंत, घरी सगळ्या खुर्च्यांवर रेडिओ उघडून ठेवलेले असतात, बसायला जागा नसते. म्हटलं, राहू दे अजून एक महिना.”

म्हणजे ह्यांना दिसत होतं. आपण लपवत होतो, लाजत होतो, आपल्या चेहऱ्यावर कामाचं गांभीर्य आहे अशी समजूत करून घेत होतो. आणि ही मुलगी, जिचा नवरा गेला ती, दर गुरुवारी आपल्याकडे बघत होती आणि तिला दिसत होतं, ह्या बाईला इथे बरं वाटतंय, वाटू दे. मी सोबत देत होते की घेत होते? …आणि दोन्ही असेल तर? सगळ्या फॉर्मांत मिळून ह्या प्रश्नाला चौकट नव्हती.

“ह्या वेळी मात्र…” सून म्हणाली आणि हातातला बूट खाली ठेवला. “ह्या वेळी मी ‘नाही’ लिहिणार होते. आज तुमच्यासमोरच ती खुर्ची काढायची आणि मग सगळं खरं सांगायचं, असं आम्ही ठरवलं होतं. पुढच्या महिन्यापासून मी दुकानात पूर्ण वेळ आहे. गुरुवारी आबा हिला पोहायला नेणार. रागावू नका, ताई.”

रागावू? छातीत काहीतरी निसटलं हे खरं. दुखलंच ते. पण मी बघत होते तिच्याकडे – ती पाय लांब करून बसली होती, खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टाकून – आणि ह्या घरात आपण करायचं असं आता काहीही उरलेलं नाही, हे इतकं लख्ख दिसत होतं की त्याचा आनंद होत होता, दुखण्यासकट आनंद, एकाला बाजूला करून दुसरं घेता येत नव्हतं. “रागवेन कशाला,” ती म्हणाली. “पोहायला जाताना कानात कापूस घाला, आबा. डावा सांभाळा.”

खारूने निरोप म्हणून तिच्या मुठीत काहीतरी कोंबलं, खडूचा हिरवा तुकडा. आबा जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत आले, आणि वरून सांगत राहिले की दुसऱ्या मजल्यावर थांबलात तरी चालेल, उतरताना कुणी मोजत नाही.

खाली भंगारवाल्याची गाडी अजून आडवीच होती. मोडक्या पेट्या, एक शिलाई मशीन, पंख्याची पाती, आणि सगळ्यांच्या वर पालथी घातलेली वेताची खुर्ची, चारही पाय आभाळाकडे. तो दोरी आवळत होता. ती सरळ बसथांब्याकडे जाणार होती. पण पाय थांबले.

तेरा महिने तिने ह्या खुर्चीचा मान राखला होता. कोण बसायचं हिच्यात? तिच्या डोक्यात तर तो बसायचा, दर गुरुवारी, उन्हात, समोरासमोर. आणि त्याला ती ओळखत होती, घरच्यांना माहीत नसलेल्या एका बाजूने. त्याचे पाय लहान होते. सगळ्या दलात एकट्यालाच सहा नंबरचा बूट लागायचा, मुद्दाम मागवावा लागायचा, आणि भांडारात त्याला सगळे सहा नंबर म्हणायचे. बूट घ्यायला आला की काउंटरवर टाच आपटून म्हणायचा, “बघा बाई, वाढलेत का?” आणि ती वर न बघता म्हणायची, “ह्या जन्मी नाही वाढत. सही कर.” बातमी आली त्या दिवशी ती हातमोजे मोजत होती. ऐकलं, आणि मोजत राहिली. एकशे चाळीस जोड्या, आकडा बरोबर आला. कपाटात त्याचा नवा जोड आलेला होता, खोक्यातच. नंतर विभाग बदलून घेतला, हे घर मागून घेतलं, इतक्यांदा इथे आली, सगळ्यांना रुमाल पुढे केले… आणि सहा नंबरसाठी रडायचं राहूनच गेलं होतं.

“कुणाची होती का?” भंगारवाल्याने दोरीची गाठ मारता मारता विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “कुणाचीच नव्हती.” आणि एवढं म्हणताच, भर दुपारी, भर रस्त्यात, सायकलच्या बंद दुकानासमोर, शिकवणाऱ्या बाईला तोंडावर पदर घ्यावा लागला.

माणूस क्षणभर बघत राहिला. मग त्याने गाडीच्या काठावरचं एक गोणपाट उचललं, झटकलं, दुहेरी घडी करून परत घातलं. “बसा,” म्हणाला. आणि तो पलीकडच्या बाजूला जाऊन दुसरी दोरी बांधायला लागला, सावकाश, जरुरीपेक्षा बराच वेळ.

ती बसली. इथे कोण बसतं, हे विचारायचं तिला सुचलं नाही. बॅगेत रुमाल शोधताना हाताला फॉर्म लागत होता, मग ती नवी फाइल, परत फॉर्म, रुमाल काही लागत नव्हता, आणि लागेपर्यंत ती तशीच रडत राहिली, कुणाला आधार न देता, कुणासमोर चेहरा न सांभाळता. पुढच्या गुरुवारी तो दारात उभा राहणारा माणूस एखाद्या खुर्चीकडे बोट दाखवेल. खरं सांगेल, खोटं सांगेल, कदाचित काहीच सांगणार नाही आणि दोघंही उभीच राहतील… काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही ह्याची तेरा महिन्यांत पहिल्यांदाच भीती वाटत नव्हती. पलीकडून दोरी आवळल्याचा आवाज येत होता. उन्हाने लोखंड तापलेलं, गोणपाट खरखरीत. बरं वाटत होतं.